जुन्या लॅपटॉपचा बॅकअप: कोणती हार्ड डिस्क घ्यावी?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ७ ची त्याआधीच, १४ जानेवारी २०२० रोजी थांबली होती. विंडोज ११ चालत नाही म्हणून बाजूला पडलेले किंवा तसेच वापरात असलेले लॅपटॉप घरोघरी आहेत आणि त्यांच्यात दहा-बारा वर्षांचे फोटो, हिशेब, कागदपत्रं पडून आहेत. त्यांच्या बॅकअपविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: माझा लॅपटॉप २०११ सालचा आहे. विंडोज ७, ५०० जीबीची डिस्क, त्यातली ३२० जीबी भरलेली. दुकानदार म्हणतो, साधी हार्ड डिस्क आता कोणी घेत नाही, बाहेरून लावायची एसएसडीच (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घ्या, काम चौपट वेगानं होईल. घेऊ का?
– निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर: आधी लॅपटॉपच्या कडेला असलेल्या यूएसबीच्या खाचेत डोकावून पाहा. आतली प्लास्टिकची पट्टी काळी किंवा पांढरी असेल तर तो बहुधा यूएसबी २.० आहे. निळी असेल किंवा खाचेशेजारी ‘एसएस’ अशी खूण असेल तर यूएसबी ३.०. काही कंपन्यांनी ३.० लाही काळीच पट्टी ठेवली, म्हणून खात्रीसाठी डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी कंट्रोलरच्या यादीत ‘३.०’ किंवा ‘एक्सएचसीआय’ असं काही लिहिलंय का ते बघा. इंटेलच्या स्वतःच्या चिपसेटमध्ये यूएसबी ३.० आलं ते २०१२ मध्ये. त्याआधीच्या काही लॅपटॉपमध्ये वेगळी चिप लावून एखाद-दुसरा निळा पोर्ट दिलेला असे. म्हणजे २०११ च्या तुमच्या लॅपटॉपला तीन पोर्ट असले तरी त्यातला एकच वेगवान असू शकतो. शिवाय विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर (पोर्ट चालवणारा छोटा प्रोग्राम) मुळातून येत नाही. कोणी मध्ये विंडोज नव्यानं टाकून दिलं असेल आणि ड्रायव्हर राहून गेला असेल, तर निळा पोर्ट मुका बसतो. लोक समजतात, पोर्ट जळाला.

आता हिशेब. यूएसबी २.० वर कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, प्रत्यक्षात पदरात पडतात सेकंदाला ३० ते ४० एमबी. ३५ धरले तर ३२० जीबीला अडीच तास. साधी हार्ड डिस्क लावा की महागडी एसएसडी, अडीच तासच, कारण अडतंय ते पोर्टापाशी. यूएसबी ३.० असेल तर साधी पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास घेते, म्हणजे तासाभरात काम. तिथेही एसएसडीचा पुरा वेग मिळणार नाही, कारण लॅपटॉपच्या आतली जुनी डिस्कच त्याहून फार वेगानं वाचता येत नाही. दुकानदाराचं ‘चौपट’ नव्या लॅपटॉपवर खरं असेल, तुमच्या नाही.

तेव्हा १ टीबीची साधी पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, आणि पैसे उरत असतील तर तशीच दुसरी. लावल्यावर विंडोज १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दाखवेल. ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. यापेक्षा मोठी डिस्क तुम्हाला नको, त्याचं आणखी एक कारण आहे. २ टीबीहून मोठ्या काही पोर्टेबल डिस्क संगणकाला आपले सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे) ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे म्हणून सांगतात, आणि विंडोज ७ ची ‘सिस्टिम इमेज’ (विंडोजसकट सगळ्याची एकत्र प्रत) अशा डिस्कवर होत नाही. साध्या फाइली कॉपी होतात, त्यामुळे घोटाळा लक्षात येत नाही.

सिस्टिम इमेज कंट्रोल पॅनेलमधल्या ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मधून काढता येते. सोबत दुरुस्तीची सीडी काढून ठेवा, ती नसेल तर लॅपटॉप सुरूच होईना अशा वेळी इमेज परत चढवणं अवघड जातं. एक मेख ध्यानात ठेवा: ही इमेज मूळ डिस्कएवढ्या किंवा त्याहून मोठ्या डिस्कवरच उतरते. ५०० जीबीच्या डिस्कची इमेज ४८० जीबीच्या एसएसडीवर चढत नाही, आतली १८० जीबी जागा रिकामी असली तरी. म्हणून इमेज हा जोड-बॅकअप समजा. फोटो आणि कागदपत्रं नेहमीच्या फोल्डरच्या रूपात वेगळी कॉपी करा, ती कुठल्याही संगणकावर उघडतात.

एसएसडीवर पैसे घालायचेच असतील तर ती लॅपटॉपच्या आत बसवा. २०११ चा लॅपटॉप त्यानं खरोखर सुधारतो.

प्रश्न: नवी पोर्टेबल डिस्क लावली की दिवा लागतो, आतून टक्-टक् आवाज येतो आणि पुन्हा ‘यूएसबी डिव्हाइस ओळखता येत नाही’ असं येतं. मुलाच्या लॅपटॉपवर तीच डिस्क नीट चालते. बदलून घेऊ?
– छोटे व्यावसायिक, नाशिक

उत्तर: डिस्क चांगली आहे, तिला वीज पुरत नाहीये. यूएसबी २.० चा पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. अडीच इंची डिस्कची चकती थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते त्या दोन-तीन सेकंदांत तिला ५०० हून अधिक लागू शकतात. जुन्या लॅपटॉपचा पोर्ट तिथेच मान टाकतो. चकती अर्धवट फिरते, हेड (चकती वाचणारा भाग) परत जागेवर जातं, तोच तो टक् आवाज. पुन्हापुन्हा असं होऊ देऊ नका.

उपाय स्वस्तातले आहेत. मधे हब (एका पोर्टाचे अनेक करणारी डबी) असेल तर काढा. लांब केबल असेल तर डिस्कसोबत आलेलीच आखूड केबल वापरा. दुसऱ्या बाजूचा पोर्ट वापरून पाहा, कारण काही लॅपटॉपमध्ये दोन पोर्टांना वीज एकत्र वाटलेली असते आणि त्यातल्या एकावर माउस बसलेला असतो. चार्जर लावलेला ठेवा. तरीही जमलं नाही तर ‘वाय केबल’ मिळते, तिला लॅपटॉपकडे दोन टोकं असतात: एक डेटासाठी, दुसरं फक्त विजेसाठी. किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

साडेतीन इंची, टेबलावर ठेवायची डिस्क घेतली तर हा प्रश्नच येत नाही, तिला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर असतो. पण मग तिला भिंतीवरची वीज लागते. लिहिणं चालू असताना वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तगतो आणि डिस्क मात्र फटकन बंद पडते. पोर्टेबल डिस्क लॅपटॉपच्याच विजेवर चालते: तुमच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर वीज जाताच दोन्ही एकदम जातात. भारनियमनाचं वेळापत्रक बघून बसा, नाहीतर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा.

आणि पोर्टेबल डिस्कची ती चपटी, दोन भागांची पिन सावकाश घाला. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्याच सर्किट बोर्डावर जडवलेला असतो. तो निखळला तर आतली डिस्क काढून दुसऱ्या डबीत टाकता येत नाही.

प्रश्न: डिस्क एनटीएफएस ठेवू की एक्सफॅट? दुकानात विचारलं तर ‘काहीही चालतं’ म्हणाले.
– विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: ही दोन्ही डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतींची, म्हणजे फॉरमॅटची, नावं. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. त्यात प्रत्येक बदलाची नोंदवही असते, मध्येच केबल निघाली तरी डिस्क बहुतेक वेळा सावरते. एक्सफॅटमध्ये ती नोंदवही नाही. पण मॅकवर एनटीएफएस नुसती वाचता येते, लिहिता येत नाही, म्हणून दोन्हीकडे वापरायची असेल तर एक्सफॅटला पर्याय नाही, फक्त काढताना ‘सेफली रिमूव्ह’ न चुकता. टीव्हीला लावलेली जुनी डिस्क वापरणार असाल तर ती फॅट३२ नाही ना हे बघा. फॅट३२ वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ हमखास त्याहून मोठा असतो. जागा भरपूर दिसते आणि संगणक मात्र ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतो, तो याच्यामुळे. फॉरमॅट बदलायचा तर डिस्क रिकामी असतानाच बदला.

प्रश्न: लॅपटॉप सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागतात. काही फोल्डर उघडले की सगळं गोठतं. बॅकअप कधीच घेतलेला नाही. आता डिस्क आणून सगळं एकदम कॉपी करू का?
– वकील, सोलापूर

उत्तर: सगळं एकदम नको. तुमचं वर्णन मरू घातलेल्या डिस्कचं आहे. अशा डिस्कमध्ये किती वाचन शिल्लक आहे हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून जे वाचाल ते महत्त्वाच्या क्रमानं.

आज काय करू नये ते आधी. डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइलींची फेरमांडणी) नको. ‘चेकडिस्क’ नको, ती खराब जागा शोधण्यासाठी अख्खी डिस्क घासून काढते आणि सापडलेल्या फाइलींची मोडतोड करून ठेवते. अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी नको. सिस्टिम इमेजही नको, कारण ती विंडोजच्या फाइलींत वेळ घालवते आणि वाटेत एक खराब जागा लागली की बहुतेकदा सगळंच सोडून देते.

नवी डिस्क लावा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते प्रथम उचला: चालू खटल्यांची कागदपत्रं, मग घरचे फोटो, मग आउटलुकच्या मेलची पीएसटी फाइल. गाणी, सिनेमे, सॉफ्टवेअर शेवटी, किंवा नाहीच. एका वेळी एक फोल्डर. एखाद्यावर अडलं तर रद्द करा, त्याचं नाव कागदावर लिहा आणि पुढचा घ्या. अडलेल्याच फोल्डरशी झुंजत बसणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक, तेवढ्यात चांगलेही जातात.

एवढं झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवा. ते डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतं. पिवळा ‘कॉशन’ दिसला तर तीन ओळी पाहा: ०५ म्हणजे निकामी ठरवून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यानं निर्णय लटकलेले, सी६ म्हणजे हात टेकलेले. या आकड्यांत शून्याशिवाय काही असेल तर ती डिस्क बॅकअपनंतर कामाची नाही. आकडे मुळात हेक्साडेसिमल पद्धतीत, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत, लिहिलेले असतात, म्हणून त्यात अक्षरं दिसली तर गोंधळू नका. सी७ एकटाच वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा.

विंडोजमधून कॉपी होईना तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) तयार करून लॅपटॉप त्यावरून सुरू करा. त्यामुळे मरणाऱ्या डिस्कवरचा विंडोजचा स्वतःचा भार उतरतो, नुसतं वाचन उरतं, आणि एरवी गोठणारे फोल्डर कित्येकदा उघडतात. त्याआधी विंडोज ८ किंवा १० असेल तर शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करा. तसं न केल्यास विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्स ती डिस्क धड उघडू देत नाही. तिथे ‘डीडीरेस्क्यू’ नावाचं साधन मिळतं (मिंटमध्ये ते ‘जीडीडीरेस्क्यू’ या नावानं बसवावं लागतं). ते पहिल्या फेरीत सोपं सोपं वाचून घेतं, अवघड जागा ओलांडून पुढे जातं, कुठे काय राहिलं याचा नकाशा एका फाइलीत ठेवतं आणि मग मागे येऊन उरलेल्यावर प्रयत्न करतं. मधेच बंद पडलं तरी नकाशावरून पुढे चालू होतं. मात्र ते रिकाम्या जागेसकट अख्ख्या डिस्कची प्रत काढतं, म्हणून नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी हवी, आणि कुठून कुठे हे लिहिताना उलटापालट झाली तर संपलं. हात बसलेला नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

घड्याळासारखी एकसारखी ठोक्यांची टिकटिक ऐकू आली तर त्या क्षणी बंद. हेड चकतीवर घासत असू शकतं. पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं, आणि त्यांच्याकडे नेण्याआधी डिस्क उघडलेली नसणं महत्त्वाचं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. बाहेर काढताच चकतीवर दव धरतं, एवढंच त्यातून साधतं.

प्रश्न: आमचं डीटीपीचं काम आहे. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका डी ड्राइव्हमध्ये सुरक्षित आहेत. तरी बाहेर बॅकअप हवाच का? आणि नव्या संगणकावर उघडल्यावर काही फाइली ‘चिनी’सारख्या दिसतात, त्या खराब झाल्या का?
– डीटीपी चालक, कोल्हापूर

उत्तर: सी आणि डी ही बहुधा एकाच डिस्कची दोन नावं असतात. एका वाड्याला मधे भिंत घातली म्हणून दोन वाडे होत नाहीत. डिस्क गेली की दोन्ही जातात. बॅकअप हवाच.

फाइली मात्र खराब झालेल्या नाहीत, नव्या संगणकावर त्यांचा फॉन्ट नाही. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे श्री-लिपी, आयएसएममधला सुरेख, कृतिदेव वगैरेंत, फाइलीत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याच्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट नसेल तर उरते ती चिन्हांची रांग. ओळखायचं कसं? एक ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड, चिन्हांचा कचरा झाला तर जुना फॉन्ट.

म्हणून तुमच्यासारख्यांच्या बॅकअपमध्ये फाइलींएवढेच फॉन्ट महत्त्वाचे. सी ड्राइव्ह, मग विंडोज, मग फॉन्ट्स. तिथून ‘श्री-देव’, ‘डीव्हीबी’, ‘कृतिदेव’ अशा नावांनी सुरू होणारे सगळे निवडून बाहेरच्या डिस्कवर ‘फॉन्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. आकडे वेगवेगळे असलेले एकच समजून गाळू नका. श्री-लिपीत आकडा बदलला की अक्षराचं वळण बदलतं. श्री-लिपी चालवणारं यूएसबीचं कुलूप असेल तर त्याची नक्कल डिस्कवर होत नाही, ते वेगळं जपा, आणि सॉफ्टवेअरची सीडीही.

पेजमेकरची दुसरी खोच. पानावर लावलेले मोठे फोटो फाइलीच्या आत नसतात, फाइल फक्त त्यांचा पत्ता लक्षात ठेवते. नुसती पेजमेकरची फाइल कॉपी केली तर दहा वर्षांनी फोटोच्या जागी धूसर ठिपके. ‘सेव्ह अ‍ॅज’च्या खिडकीत जोडलेल्या सर्व फाइलीही कॉपी करण्याचा पर्याय आहे, तो निवडून प्रत्येक काम स्वतंत्र फोल्डरमध्ये उतरवा. आणि छापून गेलेल्या प्रत्येक कामाची, फॉन्ट आत बसवलेली, पीडीएफ शेजारी ठेवा. पेजमेकर कुठल्याच संगणकावर चालेनासा झाला तरी ती उघडेल.

प्रश्न: टॅलीचा बॅकअप टॅलीच घेतो, मग डिस्कवर वेगळं काय करायचं?
– हिशेबनीस, जळगाव

उत्तर: टॅलीनं घेतलेला बॅकअप कुठे पडतोय ते बघा. कित्येक ठिकाणी तो त्याच लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर, मूळ डेटाच्या शेजारीच पडत असतो. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय, मग बॅकअप, आणि तिथे जागा म्हणून बाहेरच्या डिस्कवरचा तारखेच्या नावाचा फोल्डर द्या. जुन्या ईआरपी ९ मध्ये ऑल्ट आणि एफ३. शिवाय टॅली बंद करून डेटाचा मूळ फोल्डर, ज्यात आकडी नावांचे फोल्डर असतात, तोही तसाच उचलून ठेवा. तपासणीसाठी रिस्टोअर कराल तेव्हा वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये करा. चालू डेटावर केलंत तर मधल्या दिवसांच्या नोंदी पुसल्या जातात.

प्रश्न: ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी जेवणाच्या थाळीच्या दरात मिळतेय. धातूची, देखणी. घ्यावी का?
– वाचक, पनवेल

उत्तर: नाही. अशा डबीत बहुधा एखादं ३२ किंवा ६४ जीबीचं मेमरी कार्ड असतं आणि त्याच्या कंट्रोलरला (आतल्या नियंत्रक चिपला) खोटं बोलायला शिकवलेलं असतं. विंडोजला १६ टीबी दिसतात, फाइली गेल्यासारख्या वाटतात, नावंही दिसतात. खरी जागा संपल्यावरचं सगळं हवेत जातं, किंवा जुन्यावरच लिहिलं जातं.

घेऊन बसला असाल तर एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत साधन ती रिकामी असताना चालवा. ते १ जीबीच्या फाइलींनी सगळी जागा भरतं आणि मग वाचून ताडतं. खरं तर कुठलीही नवी डिस्क अशी एकदा भरून वाचून घेतलेली बरी, म्हणजे कच्चा माल परतीच्या मुदतीतच उघडा पडतो. १ टीबीला यूएसबी २.० वर लिहायला आठ तास आणि वाचायला आठ तास लागतील, म्हणून हे काम एखाद्या नव्या संगणकाच्या निळ्या पोर्टवर करा.

प्रश्न: २०१२ चा मॅकबुक प्रो आहे. टाइम मशीनसाठी (मॅकची स्वतःची बॅकअपची सोय) केवढी डिस्क घेऊ? तीच डिस्क ऑफिसच्या विंडोजलाही लावायची आहे.
– वाचक, ठाणे

उत्तर: मॅकमधल्या डिस्कच्या दुप्पट. टाइम मशीन गेल्या २४ तासांच्या तासातासाच्या, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्यामागच्या आठवड्याच्या प्रती ठेवतं, आणि जागा संपली की सर्वांत जुन्या काढतं. २०१२ च्या प्रोला यूएसबी ३.० आहे, वेगाची चिंता नको. या मॅकवर अधिकृतपणे शेवटची चालणारी प्रणाली कॅटलिना. ती टाइम मशीनसाठी डिस्क मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीनं फॉरमॅट करते, आणि तो भाग विंडोजला दिसत नाही. विंडोजमध्ये लावल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं येईल, त्याला सवयीनं ‘हो’ म्हणालात की सगळं गेलं. मॅकच्या डिस्क युटिलिटीत दोन भाग पाडता येतात, एक टाइम मशीनला, एक एक्सफॅट. पण रोज बॅगेतून ऑफिसला जाणाऱ्या डिस्कवर घरचा एकुलता बॅकअप ठेवू नये. ऑफिससाठी ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या.

प्रश्न: रात्री कॉपी लावून झोपलो, सकाळी ‘मार्ग फार लांब आहे’ असा संदेश, आणि काय गेलं काय राहिलं कळायला मार्ग नाही. असं का होतं?
– ग्रंथालय कर्मचारी, नागपूर

उत्तर: जुन्या विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या शेवटापर्यंतचा पूर्ण पत्ता २६० चिन्हांत बसावा लागतो. मराठीत नावं दिली की ही मर्यादा लवकर येते, कारण संगणक अक्षरं मोजत नाही, त्यांचे सुटे भाग मोजतो. ‘लग्नपत्रिका’ हा शब्द आपल्या लेखी पाच अक्षरांचा. संगणकाच्या लेखी ल, ग, हलंत, न, प, त, हलंत, र, वेलांटी, क, काना, अशी अकरा चिन्हं. त्यात एकात एक सहा फोल्डर, प्रत्येकाचं नाव एखाद्या ठरावासारखं लांबलचक. मूळ जागी जेमतेम बसलेला पत्ता बॅकअपमध्ये आणखी दोन फोल्डरांच्या आत गेला की उतू जातो. बाहेरच्या डिस्कवर थेट मुळाशी आखूड नावाचा फोल्डर करा, ‘ब२५’ असा, आणि त्यात कॉपी करा.

ओढून टाकायची पद्धत मोठ्या कॉपीला भरवशाची नाही. विंडोजमध्येच ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा आहे, ती लांब पत्तेही पचवते. कमांडच्या काळ्या खिडकीत रोबोकॉपी, मग मूळ फोल्डर, मग नवा फोल्डर, दोन्ही अवतरणचिन्हांत, आणि पुढे चार खुणा: स्लॅश ई म्हणजे आतले सगळे फोल्डर घे. स्लॅश एक्सजे म्हणजे विंडोजच्या आडवाटांत शिरू नकोस, नाहीतर ती ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’च्या आत ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’ अशी गोल फिरत राहते. स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ म्हणजे एखादी फाइल वाचता आली नाही तर सेकंद थांबून एकदाच पुन्हा प्रयत्न कर. हे सांगितलं नाही तर ती ३० सेकंदांच्या अंतरानं दहा लाख वेळा प्रयत्न करते. शेवटी किती गेल्या, किती राहिल्या याचा तक्ता येतो. पुन्हा तीच आज्ञा दिली की फक्त नव्या आणि बदललेल्या फाइली घेते. याच आज्ञेत ‘एमआयआर’ ही खूण आहे, तिच्यापासून जपा: ती बॅकअपमधलं, पण मूळ जागी नसलेलं, सगळं पुसते.

रात्री लावताना पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘कधीच नाही’ करायला विसरू नका. सकाळी अर्धवट कॉपी दिसण्याचं सर्वांत सामान्य कारण तेच असतं.

प्रश्न: बॅकअप घेऊन डिस्क कपाटात ठेवली तर पावसाळ्यात बुरशी लागेल का? कॅमेऱ्याच्या लेन्सला लागली होती.
– वाचक, रत्नागिरी

उत्तर: लेन्ससारखी आत बुरशी दिसणार नाही, पण कोकणातल्या दमट हवेत पिनांना गंज आणि बोर्डावर हिरवट थर येतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डिस्क. निळे मणी गुलाबी झाले की ते मंद आचेवर सुकवून घ्या. तांदूळ नको, त्याची भुकटी पोर्टात जाते. एसीच्या खोलीतून दमट पडवीत आणलेली डिस्क अर्धा तास तशीच ठेवा, मग लावा. दर तीन-चार महिन्यांनी एकदा लावून पाच-दहा फाइली उघडून बघा, त्याही त्याच लॅपटॉपवर नव्हे, दुसऱ्या कोणाच्या. एसएसडीवर बॅकअप असेल तर तिला वर्षानुवर्षं विजेविना ठेवू नका, तिच्यातला साठा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो हळूहळू झिरपतो.

काम झालं की डिस्क लॅपटॉपला लावलेली ठेवायची नाही. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. दोन डिस्क असतील तर एक डब्यात आणि दुसरी दुसऱ्या गावच्या बहिणीकडे, गणपतीला अदलाबदल करा. बाहेर ठेवायच्या डिस्कला कुलूप हवं असेल तर विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं डिस्कचं कुलूप) नव्यानं लावता येत नाही, त्याऐवजी व्हेराक्रिप्ट हे मोफत साधन आहे. कुठलंही वापरा, पासवर्ड आणि बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, त्याच डिस्कवर नव्हे.